नऊवारीतलं दाबयंत्र

मी आयुष्यभर वस्तू दाबल्या. आमच्या नात्यात कुणी डॉक्टर आहे, कुणी बँकेत आहे, एक भाऊ कॉलेजात शिकवतो. माझं काम लग्नाच्या बैठकीत सांगायची वेळ आली तेव्हा वडिलांनी घसा साफ करून "रबराच्या तपासणीत असतो" एवढंच सांगितलं आणि पोह्यांची बशी पुढे सरकवली. सासऱ्यांनी पुढे विचारलं नाही. नलिनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, लग्नानंतर विचारलं. मी खरं ते सांगितलं. गिऱ्हाईक वस्तू आणतं, मी ती यंत्राखाली ठेवतो, यंत्र ती दाबत जातं आणि ती कुठं, कशी मान टाकते ते मी बघतो. "आणि याचा पगार देतात?" असं ती म्हणाली होती. निवृत्त होईपर्यंत तिचं मत फारसं बदललं नाही.

आमची प्रयोगशाळा शिवाजीनगरात, म्हणजे पुण्यातल्या नव्हे, इकडच्या कानडी मुलखातल्या, बसस्टँडच्या मागच्या वर्कशॉपांच्या गल्लीत, एका गादीवाल्याच्या डोक्यावर होती. खाली कापूस पिंजायचे, वर आम्ही दाबायचो. लोखंड आणि सिमेंट दाबणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळा शहरात पुष्कळ. आमच्याकडे यायचं ते मऊ सामान, आणि त्यातही पुढे पुढे माझ्या टेबलावर एकच जात येऊ लागली: मऊ, पोकळ आणि भोकाभोकांची.

हे प्रकरण काय असतं ते आधी सांगून टाकतो. लहान मुलांचा स्वस्तातला प्लॅस्टिकचा चेंडू घ्या आणि अंगठ्यानं दाबा. बराच वेळ तो तुमचं ऐकत नाही. मग एकदम टप्पकन आत जातो आणि खळगा पडतो. चेंडू फुटलेला नसतो, त्यानं फक्त आकार सोडलेला असतो. आता असाच चेंडू रबराचा घ्या आणि त्याला सगळीकडून गोल भोकं पाडा. भोकांच्या मधे ज्या बारीक पट्ट्या उरतात त्यांना आम्ही भिंती म्हणायचो. हा चेंडू दाबला की खळगा पडत नाही, भिंती वाकतात. एक वाकली की शेजारणीला वाकावंच लागतं. एक भोक आडवं चपटं होतं, पुढचं उभं, आणि सगळा गोळा अंग चोरून स्वतःतच लहान होतो. हात काढला की पुन्हा होता तसा. मार फारच जोराचा असेल तर एखाद-दुसरी भिंत फाटते, आणि फाटलेल्या भिंतींवरून मार कुठल्या बाजूनं, किती जोरानं आला ते मला बऱ्यापैकी सांगता येतं. एवढीच माझी विद्या.

ही विद्या घेऊन बसलेल्या माणसाकडे कसली कसली गिऱ्हाइकं येतात! आमच्याच गल्लीतला एक व्यापारी कुत्र्यांसाठी भोकांचे रबरी चेंडू करायचा. त्याची तक्रार अशी की आम्ही पास केलेला चेंडू कुत्रा दोन मिनिटांत चपटा करतो. मी म्हटलं, कुत्रा कसा चावतो त्यावर आहे. दुसऱ्या दिवशी तो कुत्र्यालाच घेऊन आला. यंत्राला लाजवेल असा दांडगा प्राणी. त्यानं चेंडूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आमच्या यंत्राच्या खालच्या ताटलीवर जाऊन बसला आणि उतरेचना. मंजुनाथ, म्हणजे आमचा यंत्र चालवणारा, हात जोडून म्हणाला, "सार, स्विच बंद आहे ना ते एकदा बघा." बिस्किटांचा अख्खा पुडा गेला तेव्हा महाराज खाली उतरले. चेंडूच्या भिंती जाड करायला सांगून मी ते प्रकरण मिटवलं.

दुसरं देवनहळ्ळीचं. विमानतळाच्या वाटेवर शेतं जाऊन तिथं घरांच्या प्लॉटांचे लेआउट पडत होते, आणि एका बिल्डरनं बागेत मुलांसाठी मऊ रबराचा मोठा घुमट बसवला होता. त्याला गोल खिडक्या, मुलांनी एकीतून आत शिरावं, दुसरीतून बाहेर यावं. चाचणी आम्ही मुलांच्या वजनानं केली होती आणि तसं लेखी दिलंही होतं. उद्घाटनाला आलेले प्रमुख पाहुणे मात्र चांगले भरदार होते, आणि फोटोवाल्यानं त्यांना घुमटावर बसवलं. घुमट मोडला नाही. त्यानं हळूहळू सगळ्या खिडक्या मिटल्या, थोडा वळला आणि पाहुण्यांना कमरेपर्यंत पोटात घेतलं. हार गळ्यात तसाच, चेहऱ्यावर फोटोसाठीचं हसू तसंच. बिल्डरचा फोन आला, "सार, तुमचा घुमट माणूस सोडत नाही!" मी म्हटलं, त्यांना हलू नका म्हणावं आणि दोघांनी काखेत धरून सरळ वर ओढा. निघाले. घुमट लगेच पुन्हा टम्म उभा राहिला, जसं काही झालंच नाही. मला त्या घुमटाचा अभिमान वाटला होता, पण तो कुणाजवळ बोलून दाखवता आला नाही.

आता खरी गोष्ट. ती माझ्या घरातली आहे.

आम्ही बसवनगुडीत राहतो. आमचे पूर्वज कधीतरी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं माझी आई सांगते. आईला आम्ही सगळे अक्का म्हणतो. ऐंशी केव्हाच उलटली आहे, पण रोज नऊवारी नेसते, कासोटा घट्ट, आणि संध्याकाळी एकटी चालत दोन गल्ल्या पलीकडच्या देवळात जाते. देवाला नमस्कार करायला तिला फार वेळ लागत नाही. उरलेला वेळ ती देवळाच्या कट्ट्यावर असते. तिथं तिच्या वयाच्या चार-पाचजणी जमतात. कानडी, तमिळ, तेलुगू, मराठी, सगळ्या एकदम बोलतात आणि सगळ्यांना सगळं कळतं. घरी आल्यावर ती जेवताना आम्हाला गल्लीच्या बातम्या देते. तो फेरा हेच तिचं राज्य.

काही वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात घसरली आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पुन्हा चालायला लागली. डॉक्टर म्हणाले, "आता डाव्या बाजूला पडायचं नाही." जणू ती आधी ठरवून पडली होती. नलिनीनं मात्र घरात निकाल दिला: पुन्हा एकदा पडलात की एकटीनं देवळात जाणं बंद. नलिनी वाईट नाही. त्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात बसून बसून तिचीच पाठ मोडली होती, आणि सासूवर तिचा जीव आहे. अक्कानं तेव्हा नुसती मान हलवली. पण त्या दिवसापासून तिची भीती पडण्याची राहिली नाही, फेरा बंद होण्याची झाली. मलाही तीच. तो फेरा बंद झाला असता तर अक्का खुर्चीत बसून विझली असती, हे मला दिसत होतं.

अशात, माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, सायली आली. पुण्याची मुलगी, इथं आयटीत होती, ती नोकरी सोडून दोन मैत्रिणींबरोबर स्वतःचं काहीतरी सुरू केलेली. तिनं पिशवीतून सिलिकॉनची एक भोकाभोकांची वाटी काढून माझ्यासमोर पालथी घातली. "काका, हे हिप प्रोटेक्टर आहे. ॲक्चुअली आजी-आजोबांसाठी. आतल्या चड्डीला खिसा असतो, त्यात खुब्यावर ही बसते. माणूस पडला की ही कोलॅप्स होते आणि हाड वाचतं."

इतकी वर्षं प्रत्येक गिऱ्हाईक मला "हे दबून बसलं नाही पाहिजे" असं सांगत आलं होतं. वस्तू बसावी म्हणून आलेली ही पहिलीच. आणि बसायची तीही रीतीनं. फार ताठ असली तर मार थेट हाडाला जातो, फार मऊ असली तर वाटी आधीच सपाट होते आणि मार पुन्हा हाडालाच. यंत्राच्या पडद्यावर दाबाची रेघ चढते. साध्या चेंडूची रेघ टेकडीसारखी असते, चढते आणि धाडकन उतरते. आम्हाला टेकडी नको होती, माळ हवा होता. म्हणजे वाटी बसत असताना पूर्ण वेळ सारखाच विरोध करत बसली पाहिजे. आम्ही यंत्रावर लाकडाचा खुबा बसवला, त्यावर वाटी, आणि वरून वजन सोडत राहिलो. भोकांचे आकार बदलून बदलून सायलीनं शेवटी असा सुंदर माळ काढला की मी मंजुनाथला खालून सगळ्यांसाठी चहा आणायला लावला.

पहिली वाटी मी घरी आणली. अक्कानं ती उलटसुलट करून पाहिली. "चाळणी आहे होय?"

"डाव्या कमरेला लावायची. पडलीस तर हाड वाचेल."

"मी कशाला पडते?"

"पडलीस तर म्हणतोय."

"बेडा म्हणजे बेडा, गुंडू," ती म्हणाली. गुंडू म्हणजे मी. नको म्हणजे नको, हे ती कायम कानडीत सांगते, म्हणजे पुढचं बोलणं खुंटतं.

आठवडाभर मी मागे लागलो तेव्हा एका संध्याकाळी ती लावून गेली. परत आली ती लाल होऊन. झालं होतं असं की कट्ट्यावर ती टेकली, वाटीची सगळी भोकं एकदम मिटली, आतली हवा कुठून तरी बाहेर निघाली, आणि नेमका कुणीच बोलत नसताना मोठ्ठा आवाज झाला. कसला, ते मी लिहीत नाही. वाचकांनी ओळखलं असेल. कट्ट्यावरच्या सगळ्यांनीही तेच ओळखलं.

"अय्यो, त्या तमिळ मामी माझ्याकडे बघून ओवा खा म्हणाल्या!" अक्का म्हणाली. "या वयात माझी अब्रू घालवलीस."

दुसऱ्या दिवशी ती वाटी मला स्वयंपाकघरात सापडली. तिच्यात धुतलेली कोथिंबीर निथळत होती.

मी कोथिंबीर बाजूला काढली आणि सवयीनं वाटी हातात घेऊन पाहू लागलो. वरच्या बाजूला कासोट्याच्या घडीचा वळ अजून तसाच होता. "अक्का, काल ही नेसतानाच चपटी झाली होती का गं?"

"मग? नेसले तेव्हाच अर्धीअधिक बसली होती ती. माझ्या आधी."

मी कपाळावर हात मारला. आम्ही सगळ्या चाचण्या उघड्या लाकडावर केल्या होत्या. सायलीच्या डोळ्यासमोर सलवार, पँट, गाऊन. माझ्या डोळ्यासमोर रोज सकाळ-संध्याकाळ नऊवारी, आणि मलाही सुचलं नाही! नऊवारी नुसती अंगावर नसते, ती अंगाला आवळते. कापडाचे थर, त्यावर कासोट्याची ओढ. भिंती बिचाऱ्या पडण्याआधीच वाकून बसलेल्या. मग खरी पडली असती तर त्या वाटीनं काय वाचवलं असतं?

सायलीला सांगितलं. ती म्हणाली, "काका, मग साडी नेसवूनच टेस्ट करावी लागेल ना?"

"कुणाला?"

"मशीनला."

मंजुनाथनं ऐकलं आणि हातातला पाना खाली ठेवला. "मशीनिगे सीरे उडिसबेका?" यंत्राला साडी नेसवायची का, एवढंच तो तीनदा, तीन वेगवेगळ्या सुरांत विचारत राहिला.

नऊवारी नेसवता येणारं आम्हा तिघांत कुणी नव्हतं. म्हणून अक्काला रिक्षानं शिवाजीनगरला आणलं. तिनं घरून जुनी इरकल आणली होती. जिना चढून वर आली, यंत्राला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "हिला कंबरच नाही."

मंजुनाथनं लाकडाचा खुबा पुढे केला, त्याच्यामागे दुसरा ठोकळा लावला. तेवढ्यावर अक्कानं पदर खोचला आणि कामाला लागली. निऱ्या घालताना ती यंत्राशी बोलत होती. "सरळ उभी राहा. स्वल्प वळ. हं, सरी, बरोबर." मी कासोट्याला तोलकाटा लावला होता, ओढ मोजायला. "किती ओढू?" ती म्हणाली. "रोज ओढतेस तेवढं." तिनं ओढलं. काट्याकडे पाहून सायलीचे डोळे विस्फारले. "आजी, तुम्ही एवढं टाइट नेसता? श्वास कसा घेता?" अक्का म्हणाली, "तुम्ही जीन्समध्ये घेता तसा."

आणि नेमकं त्याच वेळी परीक्षक आले. आमच्यासारख्या प्रयोगशाळांना मान्यता देणारे एक गंभीर गृहस्थ. ते येणार हे माहीत होतं, पण दुपारनंतर. दारात उभे राहून त्यांनी पाहिलं: खांबासारखं यंत्र, त्याला जरीकाठाची नऊवारी, आणि वरच्या पट्टीवर मंजुनाथनं आयुधपूजेला लावलेलं कुंकू, जे पुसायचं राहिलं होतं. त्यांनी निमूटपणे बूट काढले, आत आले आणि हात जोडले.

अक्कानं त्यांच्या हातावर पिशवीतला खडीसाखरेचा खडा ठेवला. तो तोंडात टाकल्यावर त्यांनी विचारलं, "इदु येनु?" म्हणजे, हे काय आहे.

सायली पटकन म्हणाली, "सर, रिअल-लाइफ कंडिशनमध्ये टेस्ट करतोय."

त्यांनी खडा गालात सरकवला, तोलकाट्याकडे पाहिलं, साडीच्या थरांना बोट लावलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "माझ्या आईची सोळा हातांची असते. ओढ याहून जास्त येईल." आणि बूट तसेच दारात ठेवून, दाबण्याचा कार्यक्रम संपेपर्यंत स्टुलावर बसून राहिले.

वजन सुटलं. जुनी वाटी साडीखाली हूं की चूं न करता सपाट झाली आणि मार लाकडात गेला. ठक्क असा आवाज आला. अक्का दचकली. तिनं नकळत स्वतःच्या डाव्या कमरेवर हात ठेवला. रिक्षात बसताना म्हणाली, "लाकूड होतं म्हणून बरं."

सायलीनं त्यानंतर वाटी नव्यानं केली. माथ्याकडची भोकं लहान, तिथल्या भिंती जाड, म्हणजे साडीची ओढ सोसूनही त्या ताठ राहाव्यात आणि खऱ्या मारालाच वाकाव्यात. काठाला खाचा दिल्या, हवा गुपचूप निघून जावी म्हणून. इरकल परत आणली, अक्कानं परत नेसवली, आणि या वेळी माळ निघाला. अक्कानं नवी वाटी लावली, घरातल्या पाटावर चार वेळा जोरात बसून आवाज होत नाही याची खात्री केली, आणि देवळात गेली.

मग मी निवृत्त झालो. निरोप समारंभात मंजुनाथनं मला ती जुनी, कोथिंबिरीची वाटी चौकटीत घालून दिली. नलिनी म्हणते, ती दिवाणखान्यात लावायची नाही.

परवाची गोष्ट. संध्याकाळी अक्का देवळातून जरा उशिरा आली, तीही रिक्षानं. "पाय दुखत होते," म्हणाली. रात्री जेवली, गल्लीची बातमी मात्र एकही दिली नाही. सकाळी बाल्कनीत तिच्या धुतलेल्या कपड्यांशेजारी वाटी वाळत होती. मी सहज उचलून उजेडात धरली.

डावीकडच्या खालच्या काठाला चार भिंती फाटल्या होत्या.

हे बसण्यानं होत नाही, टेकण्यानं होत नाही. आम्ही यंत्रावर पूर्ण उंचीवरून वजन सोडायचो तेव्हाच असं फाटायचं. अक्का डाव्या बाजूला, खुब्यावर, आडवी पडली होती. मी तिथंच बादलीवर बसलो. आतून तिचा स्वयंपाकघरातला वावर ऐकू येत होता, डबे उघडत होती, नलिनीशी हिंगावरून हुज्जत घालत होती, धडधाकट. भीती गेल्यावर मला रडू आलं, आणि त्याच वेळी त्या फाटक्या वाटीचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही. माझ्या आयुष्यात इतकं चांगलं मोडलेलं दुसरं काही मी पाहिलं नाही.

नलिनीला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर फेरा बंद. मी कपाटातून नवी वाटी काढली आणि दोरीवर ठेवली. जुनी खिशात घातली.

संध्याकाळी नेसताना अक्कानं वाटी अंगठ्यानं दाबून पाहिली. दारातून माझ्याकडे बघितलं. "ही नवी आहे."

"जुनीची मुदत संपली होती."

"मुदत असते होय?"

"असते."

तिनं कासोटा आवळला, पिशवी घेतली. उंबऱ्यापाशी थांबून, नलिनीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "आजपासून देवळाच्या दुसऱ्या दारानं जाईन. पुढची फरशी सरी नाही." आणि गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बाल्कनीत उभा होतो.

दिवाळी अंकासाठी हे लिहायला घेतलं तेव्हा तिला विचारणं भाग होतं. सगळं छापून येईल, मग घरात कळेल, असं मी म्हटलं.

"नलिनी दिवाळी अंक संक्रांतीला वाचते," ती म्हणाली. "तोवर मी दुसऱ्या दारानं इतक्या वेळा जाऊन आलेली असेन की तिला बोलायला तोंड राहणार नाही. लिही तू. फक्त मी पडले असं लिहू नको."

"मग काय लिहू?"

"बसले असं लिही."

आयुष्यभर मी जे पाहिलं तेच लिहून दिलं, गिऱ्हाईक कितीही रागावलं तरी. आता निवृत्त झालोय. तेव्हा लिहितो: त्या संध्याकाळी देवळापुढच्या फरशीवर अक्का बसली. जरा जोरात.